परसातले पक्षी ओळखावे कसे आणि टिपावे कसे

गोव्यात पक्षिनिरीक्षणाची हौस लागलेला माणूस बहुधा पहिल्याच रविवारी रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढतो आणि चोडण बेट गाठतो. तिथले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य १९८८ साली घोषित झाले. मांडवीच्या काठचे ते जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचे खारफुटीचे रान खरोखर पाहण्याजोगे आहे. परंतु नवशिक्याने सुरुवात तिथून करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खारफुटीतला पक्षी दूर असतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा दिसेलच याची खात्री नसते. घरामागच्या परसात मात्र तोच दयाळ त्याच नळाशी रोज येतो, त्याच दांडीवर शेपटी उचलून बसतो, आणि काल जे नजरेतून निसटले ते आज पाहण्याची संधी देतो. पक्ष्यांची ओळख पाठांतराने होत नाही, ती अशा पुनःपुन्हा पाहण्यानेच होते. म्हणून या लेखातील पायऱ्या परस, अंगण, कुळागर (पोफळी-माडांची बाग) किंवा सदनिकेची गॅलरी एवढ्याच क्षेत्रासाठी लिहिल्या आहेत. माझे स्वतःचे क्षेत्र फोंडा तालुक्यातील एक जुने घर आणि त्यामागचे लहानसे कुळागर एवढेच आहे.

पहिली पायरी: आठ दिवस कॅमेऱ्याविना

पहिले आठ दिवस कॅमेरा कपाटातच राहू द्यावा. सकाळी सात ते साडेसात या वेळेत घराच्या सोप्यावर किंवा मागच्या पायरीवर एकाच ठिकाणी बसावे. भडक कपडे टाळावेत, पक्षी आल्यावर बोट दाखवू नये, आणि चटकन उठू नये. पहिल्या दिवशी पक्षी आपल्याला टाळतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून त्यांच्या लेखी आपणही तुळशी वृंदावनासारखी एक स्थिर वस्तू होतो. या आठ दिवसांत नावांच्या मागे न लागता केवळ तीन गोष्टी पाहाव्यात. कोणता पक्षी कोणत्या झाडावर येतो, तो झाडाच्या शेंड्यावर, मधल्या फांद्यांत की जमिनीवर वावरतो, आणि तो तिथे काय करतो.

हा भाग अनेकांना कंटाळवाणा वाटतो, परंतु पुढे छायाचित्र काढताना सर्वाधिक उपयोग याचाच होतो. खंड्या दरवेळी विहिरीच्या रहाटावरच येऊन बसतो हे ज्याला माहीत आहे, तो रहाटावर आधीच कॅमेरा रोखून बसू शकतो. ज्याला माहीत नाही, तो खंड्याच्या मागे बागभर फिरतो आणि प्रत्येक चित्रात उडून जाणारी निळी शेपटी घेऊन परततो.

दुसरी पायरी: मापाचे पक्षी ठरवणे

अनोळखी पक्ष्याचा आकार सेंटिमीटरमध्ये सांगणे कुणालाही जमत नाही, मात्र ‘बुलबुलापेक्षा लहान, चिमणीपेक्षा मोठा’ असे सांगणे सहज जमते. त्यासाठी आधी काही परिचित पक्षी मापपट्टीसारखे मनात बसवावे लागतात. माझी मापपट्टी अशी आहे: फुलटोच्या सुमारे ८ सेंटिमीटर, चिमणी १५, लालबुड्या बुलबुल २०, साळुंकी २३ ते २५, गावकावळा ४० आणि भारद्वाज ४८. हे सहाही पक्षी गोव्याच्या बहुतेक गावांत घराभोवती दिसतात. काही भागांत चिमणी मात्र आता शोधावी लागते, तिथे त्या जागी दयाळ घ्यावा. तो चिमणीपेक्षा थोडा मोठा असतो, एवढे ध्यानात ठेवले की काम भागते.

या यादीतील फुलटोच्याबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते, कारण तो प्रत्येक परसात असतो आणि तरीही अनेकांनी तो उभ्या आयुष्यात पाहिलेला नसतो. राखाडी रंगाचा, अंगठ्याएवढा, फिकट चोचीचा हा पक्षी ‘चिक्-चिक्’ करीत सतत हालत असतो. आंब्यावर किंवा चिकूवर बांडगूळ वाढलेले असेल, तर त्याच्याखाली पाच मिनिटे थांबावे. बांडगुळाचे फळ तो गिळतो, आणि चिकट आवरणातले बी विष्ठेवाटे बाहेर पडताना त्याला ते फांदीवर घासून पुसावे लागते. त्याच जागी नवे बांडगूळ रुजते. बागायतदाराला हा व्यवहार मुळीच आवडत नाही, मात्र निरीक्षकाला बांडगूळ म्हणजे फुलटोच्याचा कायमचा पत्ता असतो.

तिसरी पायरी: रंग सर्वांत शेवटी

नवशिका सर्वप्रथम रंग पाहतो आणि फसतो. पाहण्याचा क्रम आकारमान, ठेवण, चोच, वागणूक आणि मग रंग असा असावा. ठेवण म्हणजे पक्ष्याची एकंदर बाह्याकृती: शेपटी लांब की आखूड, ती उभारलेली की लोंबती, डोक्यावर तुरा आहे की नाही, मान दिसते की खांद्यांत बुडालेली असते. चोचीवरून आहार कळतो. धान्य फोडणाऱ्याची चोच जाड व शंकूसारखी, मध पिणाऱ्याची बारीक व बाकदार, तर मासे पकडणाऱ्या खंड्याची सुऱ्यासारखी लांब आणि सरळ असते. पक्ष्याला उंबरावर टेकून फळे खाताना पाहिले की त्याला शिकारी पक्ष्यांत शोधत बसण्याची वेळ येत नाही.

रंग का फसवतो हे शिंजिरांवरून, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या इवल्या पक्ष्यांवरून, उत्तम समजते. शिंजिराच्या पिसांवरील जांभळी-हिरवी झळाळी रंगद्रव्याची नसते. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होताना ती निर्माण होते. त्यामुळे जासवंदीवर उन्हात बसलेला नर निळा-जांभळा झळकतो, आणि तोच पक्षी सावलीत सरकला की काळाठिक्कर दिसतो. काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात माझ्या परसात पोटाला पिवळा आणि गळ्यापासून छातीपर्यंत मधोमध काळी रेघ असलेला एक लहान पक्षी आला. मी दोन दिवस पुस्तके चाळली आणि गोव्यात नवीनच जात सापडल्याच्या आनंदात राहिलो. तो साधा जांभळा शिंजीर होता. विणीचा हंगाम संपल्यावर या जातीचा नर काही महिने मादीसारखी पिवळसर पिसे धारण करतो आणि गळ्यावरची ती काळी रेघ तेवढी मागे राहते.

गोव्यातील परसांत शिंजिरांच्या चार जाती तरी तपासाव्या लागतात. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराचे पोट पिवळे, पाठ गडद तपकिरी-लालसर आणि गळा जांभळा असतो. त्याच्या मादीचा गळा पांढुरका आणि छाती पिवळी असते. जांभळा शिंजीर नर विणीच्या काळात वरून खालून सगळाच गडद असतो, त्याला पिवळे पोट नसते. लोटेनचा शिंजीरही गडदच, परंतु त्याची चोच नजरेत भरण्याइतकी लांब आणि वाकडी असते, छातीवर तांबूस पट्टा असतो आणि पोट तपकिरीकडे झुकते. चौथा किरमिजी पाठीचा शिंजीर हा पश्चिम घाटाचा रहिवासी. तो इतरांपेक्षा लहान असून डोंगरपायथ्याच्या कुळागरांत चांगला दिसतो, किनारपट्टीच्या बागांत कमी. नवशिक्याने नरांपासून सुरुवात करावी आणि माद्यांचा निर्णय पहिल्या वर्षी खुशाल राखून ठेवावा.

चौथी पायरी: गोंधळाच्या जोड्या सोडवणे

परसातल्या पक्ष्यांत घोटाळे ठरावीकच होतात, म्हणून ते आधीच माहीत असलेले बरे. गावकावळ्याची मान राखाडी असते आणि डोमकावळा संपूर्ण काळा, जाड चोचीचा असतो. काळा पक्षी दिसला, शेपटी दुभंगलेली आहे आणि तो तारेवरून किड्यावर झेप घेऊन परत तारेवरच येतो, तर तो कोतवाल. हिवाळ्यात झाडांच्या शेंड्यावर तसाच परंतु राखाडी आणि लाल डोळ्यांचा पक्षी दिसला तर तो राखी कोतवाल, जो थंडीपुरता पाहुणा म्हणून येतो. नर कोकीळ काळा आणि लाल डोळ्यांचा असतो, मात्र त्याची मादी तपकिरी अंगावर पांढऱ्या ठिपक्यांची असल्याने अनेक जण तिला वेगळ्याच पक्ष्याचे नाव देतात. भारद्वाजही लाल डोळ्यांचा, पण त्याचे पंख विटकरी असतात आणि तो उडण्यापेक्षा झुडपांतून चालणे पसंत करतो.

बुलबुलांत तीन जाती घराजवळ येतात. शिपाई बुलबुलाच्या डोक्यावर टोकदार तुरा आणि डोळ्यामागे लाल ठिपका असतो. त्याच्या पिलांना तो ठिपका नसतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. लालबुड्याचे डोके काळे आणि अंग खवल्यांसारख्या नक्षीचे असते. पांढऱ्या भुवईचा बुलबुल मळकट हिरवट असून झुडपात दडून मोठ्याने खळखळाट करतो. तो दिसण्याआधी दहा वेळा ऐकू येतो. लालकंठी पिवळा बुलबुल, म्हणजे गोव्याचा राज्यपक्षी, यांच्यात मोजलेला नाही. काळे डोके, तांबडा-केशरी गळा आणि पिवळे अंग असलेला हा देखणा पक्षी मुख्यतः घाटाकडच्या रानांत राहतो. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत रानाला लागून असलेल्या कुळागरांत तो येतो. म्हापसा-मडगावच्या गॅलरीत त्याची वाट पाहू नये.

हळद्याही दोन प्रकारचा. डोळ्यावर फक्त काळी पट्टी असेल तर साधा हळद्या, आणि संपूर्ण डोके काळे असेल तर काळ्या डोक्याचा हळद्या.

पाचवी पायरी: कान तयार करणे

गोव्यातील परसे इतकी दाट असतात की निम्मे पक्षी आधी कानाला कळतात. शिकण्यास सोप्या आवाजांपासून सुरुवात करावी. तांबटाचा ‘टुक्-टुक्-टुक्’ हा तांबट आळीतल्या हातोडीसारखा एकाच लयीत चालतो. पांढऱ्या गालाचा कुटुरगा दिवसभर ‘कुटुर्र, कुटुर्र’ करतो. तो हिरव्या पानांत हिरवाच असल्यामुळे आवाज डोक्यावरून येत असूनही पक्षी सापडत नाही. अशा वेळी पाने न पाहता फांदीचा तो भाग पाहावा जिथे एखादे फळ हलते आहे. भारद्वाजाचा खोल ‘ऊप्-ऊप्-ऊप्’ आणि टकाचोराचा धातूसारखा खणखणीत स्वर एकदा ऐकल्यावर विसरत नाहीत. मार्चपासून कोकीळ इतका ओरडतो की त्याला शिकवणीची गरजच उरत नाही.

मर्लिन हे मोफत अ‍ॅप मोबाइलवर आवाज ऐकून पक्ष्याचे नाव सुचवते आणि भारतातील बऱ्याच जाती त्याला कळतात. ते जरूर वापरावे, परंतु त्याने सुचवलेले नाव हा निर्णय नसून शोधाचा आरंभ आहे, असे समजावे. पर्णपक्षी आणि भृंगराज हे पक्के नकलाकार आहेत. भृंगराजाने शिक्र्याची नक्कल केली की अ‍ॅप निःशंकपणे शिक्रा दाखवते, आणि आपण आभाळात शिकारी पक्षी शोधत राहतो. सुचवलेला पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत वहीत नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे.

सहावी पायरी: वही

वही साधी चालते, मात्र ती जागेवरच लिहिली पाहिजे. तारीख, वेळ, झाड, पक्षी काय करीत होता, मापपट्टीनुसार आकार, आणि रंगाच्या खुणा कोणत्या भागावर होत्या एवढे पुरे. चित्रकला येत नसली तरी दोन अंडाकृती काढून त्यांना चोच व शेपटी जोडावी आणि बाण काढून रंग लिहावेत. ‘भुवई पांढरी, पाय दिसले नाहीत’ ही नोंद ‘सुंदर पक्षी’ या नोंदीपेक्षा शंभरपट उपयोगी पडते. काय दिसले नाही, तेही लिहिणे महत्त्वाचे असते.

सातवी पायरी: साधने कोणत्या क्रमाने घ्यावीत

आधी दुर्बीण, मग कॅमेरा. ज्यांनी हा क्रम उलटा केला, त्यांच्यापैकी बरेच जण पक्षी न पाहता केवळ पडदा पाहू लागतात. परसासाठी ८×४२ ची दुर्बीण उत्तम: ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. भिंग जितके मोठे तितका प्रकाश अधिक, आणि पोफळींच्या सावलीत प्रकाशच कमी असतो. दहापट किंवा त्याहून मोठ्या दुर्बिणीचा मोह टाळावा. हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो. दुर्बीण घेतल्यावर पहिल्याच दिवशी ती आपल्या डोळ्यांना जुळवून घ्यावी. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी चित्र स्पष्ट करावे, मग डावा डोळा मिटून उजव्या नेत्रिकेवरील (डोळ्याला लावायच्या भिंगावरील) कडे फिरवून तेच चित्र स्पष्ट करावे. पुढे फक्त मधले चाक फिरवावे लागते.

कॅमेऱ्यात नवशिक्यासाठी दोन रस्ते आहेत. लांब झूम असलेला, भिंग न बदलता येणारा ब्रिज कॅमेरा हलका पडतो आणि उजेड भरपूर असेल तर ओळखीपुरते उत्तम चित्र देतो. सावलीत मात्र त्याच्या लहान संवेदकामुळे (सेन्सरमुळे) चित्र दाणेदार होते. भिंग बदलता येणारा कॅमेरा आणि ३०० मिलिमीटरपर्यंतचे झूम भिंग हा दुसरा रस्ता (इथे मिलिमीटर म्हणजे भिंगाचा व्यास नव्हे, केंद्रांतर; ते जितके जास्त तितका पक्षी जवळ दिसतो). ज्याचा सोपा कुळागराला लागून आहे आणि पक्षी आठ-दहा मीटरवर येतात, त्याला ३०० मिलिमीटर सुरुवातीला पुरते. १५०-६०० मिलिमीटरचे भिंग वजनदार असते. ते पहिल्या वर्षानंतरच विकत घ्यावे, तोपर्यंत एखाद्याकडून दोन दिवसांसाठी मागून घेऊन हाताला पेलते का ते पाहावे. मोबाइलने दूरच्या पक्ष्याचे चित्र काढण्याचा प्रयत्न करू नये, पण दुर्बिणीच्या नेत्रिकेला मोबाइलचे भिंग नेमके टेकवून नोंदीपुरते चित्र मिळते.

आठवी पायरी: कॅमेऱ्याची मांडणी

सुरुवातीला शटरचा वेग आपण ठरवावा आणि आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, कॅमेऱ्यावर सोडावा. शांत बसलेल्या होल्यासाठी १/५०० सेकंद चालतो, सतत हालणाऱ्या शिंजिरासाठी व शिंपी पक्ष्यासाठी १/१००० हवा, आणि उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/२००० किंवा अधिक. अॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र) भिंग देईल तितके मोकळे ठेवावे, म्हणजे लांब झूमला बहुधा एफ ५.६ किंवा एफ ६.३. कुळागरात सकाळी आठ वाजतासुद्धा आयएसओ १६०० ते ३२०० पर्यंत जाईल, आणि त्याची भीती बाळगू नये. दाणेदार चित्रातून पक्षी ओळखता येतो, हललेल्या चित्रातून येत नाही. फोकस सातत्याने जुळवत राहणारा प्रकार निवडावा आणि फोकसचा बिंदू एकच ठेवून तो पक्ष्याच्या डोळ्यावर आणावा. डोळा स्पष्ट असेल तर शेपटी थोडी पुसट झालेली चालते. उलटे झाले तर चित्र फुकट जाते.

उजेडाची मोजणी कॅमेरा स्वतः करतो, पण त्याला पक्षी दिसत नाही, चौकटीतला सरासरी उजेड दिसतो. माडाच्या झावळीवर आभाळाच्या पार्श्वभूमीवर बसलेली ब्राह्मणी घार त्यामुळे काळी आकृती होऊन येते. अशा वेळी उजेडाची दुरुस्ती (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) +१ ते +१.५ करावी. याउलट खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीतल्या, काळ्या चिखलावर उभा असलेला पांढरा बगळा इतका उजळ होतो की पिसांचे तपशील नाहीसे होतात; तिथे −१ करावे. ही दुरुस्ती करून झाल्यावर ती शून्यावर परत आणण्याची सवय लावून घ्यावी. मी स्वतः ती आजही विसरतो आणि पुढचे दहा फोटो जळून जातात.

सराव कावळ्यावर करावा. तो रोज येतो, धीट असतो, आणि त्याच्या काळ्या पिसांत तपशील आणणे हीच खरी परीक्षा आहे. ज्याला गावकाव‌ळ्याचा डोळा स्वच्छ टिपता आला, त्याला दयाळ अवघड जात नाही.

नववी पायरी: कुठे उभे राहावे, काय टिपावे

सूर्य आपल्या पाठीशी असावा आणि कॅमेरा शक्यतो पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवर असावा. जमिनीवर चरणाऱ्या साळुंकीसाठी खाली बसावे लागते. माडावरच्या सुतार पक्ष्यासाठी वरच्या मजल्याची खिडकी सोयीची पडते. खिडकी हा आपला सर्वोत्तम आडोसा आहे, कारण पडद्यामागून पक्ष्याला माणूस दिसत नाही. पार्श्वभूमी पक्ष्यापासून जितकी दूर तितकी ती पुसट होते. म्हणूनच पक्षी भिंतीलगतच्या जासवंदीवर आल्यावर घाईने कळ न दाबता तो बागेच्या कडेच्या फांदीवर जाईपर्यंत थांबणे शहाणपणाचे असते.

ओळख पटवण्यासाठी काढलेले चित्र आणि देखणे चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनोळखी पक्षी आला तर आधी लगेच, जसा दिसेल तसा एक फोटो काढून ठेवावा. त्यानंतर बाजूने एक, पाठीकडून एक आणि शेपटीच्या खालच्या भागाचा एक मिळवण्याचा प्रयत्न करावा. हिवाळ्यात येणाऱ्या लहान हिरवट-तपकिरी वटवट्यांची जात ठरवताना भुवई, पंखावरचा पट्टा आणि पायांचा रंग यांवर सारे अवलंबून असते, आणि समोरून काढलेल्या सुंदर चित्रात यांपैकी काहीच दिसत नाही.

दहावी पायरी: पक्ष्यांना बोलावणे

परसात पक्षी आणण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पाणी. मातीची पसरट थाळी घेऊन तिच्यात जेमतेम ३ ते ५ सेंटिमीटर पाणी भरावे, मधोमध एक खडबडीत दगड ठेवावा, आणि ती थाळी झुडपापासून दोन-तीन मीटरवर ठेवावी. झुडूप फार जवळ असेल तर मांजर दबा धरते, फार दूर असेल तर लहान पक्ष्यांना पळून जायला जागा राहत नाही. पाणी रोज ओतून टाकून थाळी घासावी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडाभर लागतो, म्हणून रोजच्या घासण्याने तो प्रश्नच उद्भवत नाही. मार्च ते मे या काळात दुपारी साडेतीन-चारला अशा थाळीवर बुलबुल, दयाळ, सातभाई, आणि भाग्य असेल तर केशरी डोक्याचा कस्तूर अंघोळीला येतो.

धान्य टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. धान्यावर पारवे आणि उंदीर येतात, आणि ते आले की बाकीचे पक्षी हटतात. त्याऐवजी जासवंद, शेवगा, पपई, चिकू आणि जांभूळ यांना फुलू-फळू द्यावे. झाडावरची सगळी पपई उतरवू नये. एक-दोन वर राहिल्या तर कोकिळा, बुलबुल, आणि रानाजवळच्या गावांत कवड्या धनेशसुद्धा येतो. कुळागराच्या कोपऱ्यात पडलेला पाचोळा लगेच जाळू नये, कारण सातभाई, पाणकोंबडी आणि पाचू कवडा त्यातच चरतात.

ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला समोर आणण्याची पद्धत वाईट आहे. विणीच्या काळात नराला आपल्या हद्दीत दुसरा नर घुसल्यासारखे वाटते, आणि तो खाणे, पिलांना भरवणे सोडून त्या नसलेल्या शत्रूला शोधत राहतो. आपल्याला मिळते ते चिडलेल्या पक्ष्याचे चित्र.

घरट्यांविषयी

शिपाई बुलबुल सोप्यावर टांगलेल्या कुंडीत घरटे करतो, शिंजीर कोळ्याच्या जाळ्याने विणलेली पिशवी विजेच्या तारेला लोंबकळती ठेवतो, आणि शिंपी रुंद पाने कडांनी शिवून त्यात कापूस भरतो. अशा वेळी छायाचित्र काढण्याची इच्छा अनावर होते, पण ती आवरावी. पान बाजूला सारले की घरटे उन्हाला आणि कावळ्याला उघडे पडते; माणूस वारंवार जवळ जाऊ लागला तर पालक घरटे सोडून देतात, आणि टकाचोर माणसाच्या हालचालींवरून घरटे हेरतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे अंतर्भूत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुंडीला पाणी घालायचे असल्यास पालक दूर असताना झटकन घालावे आणि निघून यावे. रात्री पिंगळ्यावर किंवा गव्हाणी घुबडावर फ्लॅश मारू नये.

पावसाळा आणि भिंगाची बुरशी

गोव्यात कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाऊस नव्हे, दमट हवा. जून ते सप्टेंबर या काळात चामड्याच्या चपलेवर जी बुरशी चढते, तीच भिंगाच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. माझे पहिले झूम भिंग मी एका पावसाळ्यात पिशवीत, कपाटात, बंद ठेवले होते. गणेश चतुर्थीला बाहेर काढले तेव्हा ते आतून पांढुरके झाले होते, आणि दुरुस्तीवाल्याने सांगितलेला खर्च ऐकून मी ते तसेच घरी आणले. तेव्हापासून हवाबंद झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक अशी व्यवस्था ठेवली आहे. आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के असावी. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते ओलावा पिऊन भरले असे समजून भट्टीत गरम करून पुन्हा कोरडे करावेत. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा घरगुती उपाय टाळावा, कारण तांदळाची पूड फटींत शिरते. आणि सर्वांत मोठी काळजी म्हणजे कॅमेरा वापरात ठेवावा. आठवड्यातून दोनदा बाहेरच्या उजेडात निघालेल्या भिंगावर बुरशी सहसा धरत नाही.

वातानुकूलित खोलीतून थेट अंगणात गेल्यास थंड काचेवर बाष्प बसते. कॅमेरा पिशवीतच बंद ठेवून वीस-तीस मिनिटे बाहेर राहू द्यावा, मग उघडावा.

पावसाळ्यात पक्षी कमी होतात असेही नाही. पाऊस उघडल्यावरच्या अर्ध्या तासात सारे परस चरायला बाहेर पडते, आणि रानालगतच्या घरांना मे-जूनमध्ये पहाटे नवरंगाची दोन सुरांची शीळ ऐकू येते. ऑक्टोबरपासून पाहुण्यांचा ओघ सुरू होतो. करडा धोबी शेपटी हलवीत पाण्याच्या पाटावर येतो आणि स्वर्गीय नर्तक आपली लांब फीत घेऊन पोफळींतून फिरतो. वर्षभराची वही हाती असली की या तारखा आपल्या परसापुरत्या आपणच ठरवू शकतो.

नोंद जगापुढे ठेवणे

दोन-तीन महिन्यांनी आपल्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकण्यास सुरुवात करावी. तिथे एका ठिकाणी, ठरावीक वेळेत पाहिलेल्या सर्व जाती व त्यांची संख्या भरायची असते. कावळे सोडून फक्त दुर्मीळ पक्षी भरले, तर ती यादी निरुपयोगी होते. फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असते. १९९८ मध्ये उत्तर अमेरिकेत सुरू झालेला आणि २०१३ पासून जगभर चालणारा हा उपक्रम नवशिक्यांसाठीच आहे. घराच्या पायरीवर १५ मिनिटे बसून केलेली यादीही त्यात चालते. घुबडाची बसण्याची जागा किंवा चालू घरटे असेल, तर त्याचा नेमका पत्ता मात्र कुठेही जाहीर करू नये.

यादी भरताना नाव ठाम नसल्यास अंदाजाने लिहू नये. ई-बर्डवर केवळ कुळ नोंदवण्याचीही सोय आहे, आणि माझ्या यादीत आजही दर ऑक्टोबरमध्ये ‘शिंजीर, जात अनिश्चित’ अशा दोन-चार नोंदी असतात. सोबत जोडलेले पुसट चित्र पाहून एखादा जाणकार कधीतरी लिहितो की चोच पाहा, हा लोटेनचा आहे. मग मी जुने फोटो पुन्हा उघडतो आणि मागच्या वर्षीच्या किती नोंदी बदलाव्या लागतील ते मोजत बसतो.